तिसरा महिना सरताना

दुपारची ओपीडी आटोपत आली की मेडिकलवाल्याचा फोन येतो. गावातल्या कुठल्याही काउंटरवर नवा मुलगा लागला की हा फोन ठरलेलाच. "मॅडम, तुमच्या चिठ्ठीवर इकोस्प्रिन दीडशे आहे. पेशंटला तर चौथा लागलाय म्हणतात. ही हार्टची गोळी ना? चुकून लिहिली गेली का?"

मी त्याला सगळं नीट समजावते. त्याने विचारलं याचंच मला बरं वाटतं. काळजी असते ती न विचारणाऱ्याची. "गरोदर बाईला रक्त पातळ करायची गोळी कशाला," असं म्हणून तो तेवढीच गोळी बाजूला काढतो, लोह-कॅल्शियमची पिशवी हातात देतो, आणि मला ते कळतं सातव्या महिन्यात, बीपी १५०/१०० झाल्यावर.

त्या मुलाची शंका खुळी नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रसूतितज्ज्ञांनाही ती होती आणि फिटायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आज मी चिठ्ठीवर एक ओळ लिहिते: अ‍ॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम, रात्री झोपताना, ३६ आठवड्यांपर्यंत. त्या ओळीतला एकही आकडा सुखासुखी ठरलेला नाही. मार्गदर्शक सूचना वाचताना वाटतं, कुणीतरी शांत खोलीत बसून त्या लिहिल्या असतील. आम्ही मात्र त्या तीन वेळा उलटताना पाहिल्या.

मी १९९३ साली रेसिडेंट झाले. आमच्या सरकारी रुग्णालयात लेबर रूमच्या टोकाला एक खोली होती, खिडक्यांना काळे पडदे लावलेली. एक्लॅम्पसियाची खोली. उजेडाने, आवाजाने पेशंटला झटका येतो या समजुतीने ती अंधारी ठेवत. आत येणाऱ्या बहुतेक मुली पहिलटकरणी, एकोणीस-वीस वर्षांच्या. चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या, जीभ चावलेली. सोबत आलेली आई एकच सांगायची, "सकाळपासून डोकं दुखतं म्हणत होती, डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणत होती, मग एकदम फिट आली." मॅगसल्फचं पाच ग्रॅमचं इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत खोलवर द्यायचं आणि मग दर चार तासांनी एकेका बाजूला. प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी किती झाली ते मोजायचं. लघवीतलं प्रोटीन बघायला परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायचो. वरचा भाग उकळला आणि दह्यासारखा गढूळ झाला की पोटात गोळा यायचा.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे या खोलीकडे जाणारी वाट. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागतो. यावर खरा उपाय एकच, बाळंतपण. सव्वीस आठवड्यांवर हा आजार उसळला तर आईला वाचवायला बाळ बाहेर काढायचं, आणि बाळ हाताच्या ओंजळीत मावेल एवढं. शिकागोच्या लाइंग-इन हॉस्पिटलच्या भिंतीवर प्रसूतिशास्त्रातल्या थोरांची नावं आहेत आणि एक जागा कोरी ठेवली आहे, एक्लॅम्पसियाचं कारण शोधून काढणाऱ्यासाठी. आमच्या पिढीच्या बहुतेक प्रसूतितज्ज्ञांनी शिकताना ही गोष्ट कधीतरी ऐकलेली असते. मीही त्या अंधाऱ्या खोलीत, रात्री दोन वाजता, एका वरिष्ठ सरांकडून ऐकली.

कारण पूर्ण हाती लागलेलं नसताना प्रतिबंधाची गोळी मात्र सापडली. तीही शोधायला निघालेल्या माणसांना नव्हे. १९७८ साली 'लॅन्सेट'मध्ये गुडलिन आणि सहकाऱ्यांचं एक पत्र आलं. वारंवार टॉक्सिमिया (प्रीएक्लॅम्पसियाचं जुनं नाव) होणाऱ्या, प्लेटलेट कमी असलेल्या एका बाईला अ‍ॅस्पिरिन दिल्याची ती हकिगत होती. एका पेशंटवरून कोण काय ठरवणार? पण पुढच्याच वर्षी क्रँडन आणि इशरवूड या दोघांनी अगदी साधी गोष्ट केली. बाळंत झालेल्या बायकांना विचारलं, गरोदरपणात डोकेदुखी-अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किती वेळा घेतलीत? ज्यांनी पंधरवड्यातून एकदापेक्षा जास्त घेतली होती, त्यांच्यात प्रीएक्लॅम्पसिया कमी आढळला. अ‍ॅस्पिरिन आपल्याकडेही 'अ‍ॅस्प्रो'च्या रूपाने घरोघरी फडताळात असायची. बायकांनी स्वतःच्या डोकेदुखीवर घेतलेल्या त्या गोळ्यांमधून हा धागा मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढचं पाऊल टाकलं एका किडनीच्या डॉक्टरने. पॅरिसमधले मिशेल बोफिल्स हे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि सर्ज उझां हे प्रसूतितज्ज्ञ. पूर्वी बाळ दगावलेल्या, बीपी वाढलेल्या अशा अति-जोखमीच्या १०२ बायका त्यांनी निवडल्या. अर्ध्यांना तिसऱ्या महिन्यापासूनच रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि सोबत डायपिरिडॅमोल हे दुसरं औषध दिलं. १९८५ साली निकाल छापून आला: औषध न घेतलेल्या गटात सहा जणींना प्रीएक्लॅम्पसिया, औषध घेतलेल्या गटात एकीलाही नाही. या अभ्यासात खोटी गोळी नव्हती, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं, बायकाही थोड्याच. त्रुटी ढीगभर. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा: तिसरा महिना आणि १५० मिलिग्रॅम. पुढची तीस वर्षं जग या दोन्ही गोष्टींपासून दूर भटकलं आणि मग फिरून तिथेच आलं.

भटकलं ते का? गोळीचं विज्ञान तोवर कळलं होतं, म्हणूनच. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखते. १९८२ साली त्यांना याच विषयातल्या कामासाठी नोबेल मिळालं. प्लेटलेटमधला थ्रॉम्बॉक्सेन रक्तवाहिन्या आवळतो, गुठळ्या करतो. वाहिनीच्या अस्तरातला प्रोस्टासायक्लिन त्या सैल करतो. प्रीएक्लॅम्पसियात हा तोल आवळणाऱ्याकडे झुकलेला असतो. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे एकदा अ‍ॅस्पिरिन चिकटली की ती प्लेटलेट आठ-दहा दिवसांचं आयुष्य संपेपर्यंत निकामी. अस्तराच्या पेशी मात्र नवा माल तयार करतात. म्हणजे डोस छोटा ठेवला की वाईट तेवढं थांबतं, चांगलं चालू राहतं. हिशेब देखणा होता. मग सगळ्यांनी विचार केला, डोस जितका छोटा तितका उत्तम, आणि आकडा खाली आला ६० मिलिग्रॅमवर.

१९८६ साली रॉटरडॅमच्या वॉलेनबर्ग यांनी ६० मिलिग्रॅमवर छोटा पण चकित करणारा निकाल दिला. मग मोठे अभ्यास ठरले. सगळ्यांत मोठा ऑक्सफर्डहून चालवलेला 'क्लास्प', १६ देशांतल्या ९,३६४ बायका. मार्च १९९४ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. आमच्या ग्रंथालयात ते अंक समुद्रमार्गे, दोन-अडीच महिन्यांनी पोचायचे. त्या सोमवारी जर्नल क्लबला लेख वाचून दाखवायची पाळी माझी होती. प्रीएक्लॅम्पसिया कमी झाला अवघा १२ टक्के, आणि तेवढी घट नुसत्या योगायोगानेही दिसू शकते, असा निर्वाळा. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या पहिलटकरणींवरचा अभ्यास आलेला होता. त्यात थोडा फायदा होता, पण वार सुटण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या गटात जास्त होतं, ११ विरुद्ध २. वार सुटणं म्हणजे काय ते लेबर रूममधल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी वाचून संपवलं तेव्हा खोलीत शांतता होती. सरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "संपला विषय."

दुसऱ्या आठवड्यात मी एका बाईला अ‍ॅस्पिरिन लिहिली. आधीच्या दोन्ही खेपेला तिचं बाळ पोटात गेलं होतं. राउंडला सरांनी चिठ्ठीवर आडवी रेघ मारली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, जर्नल तूच वाचलंस ना? चूक त्यांची नव्हती. त्या वेळी जो पुरावा होता त्याप्रमाणे ते वागले. पण ती रेघ मला अजून दिसते. त्या बाईचं पुढे काय झालं हे मला कळलं नाही, कारण सातव्यात ती माहेरी गेली.

'क्लास्प'च्या तक्त्यांमध्ये एक गोष्ट होती जी मी वाचून दाखवली, पण तिचा अर्थ लावला नाही. बायका अभ्यासात १२ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान केव्हाही घेतल्या होत्या. काही तर आजार सुरू झाल्यावर उपचार म्हणून. ल्यूव्हेनच्या इव्हो ब्रोसेन्स यांनी १९७२ सालीच दाखवलं होतं की या आजाराचं मूळ गर्भाशयाच्या भिंतीत, वार जिथे रुजते तिथे असतं. तिथल्या नागमोडी धमन्या निरोगी गरोदरपणात रुंद, सैल होतात. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत हे काम उरकलेलं असतं. प्रीएक्लॅम्पसियात त्या अरुंदच राहतात. घराचा पाया भरून झाल्यावर पायाची डागडुजी कशी करायची? बत्तिसाव्या आठवड्यात दिलेली गोळी अशीच होती.

हे मोठ्याने म्हटलं गेलं २०१० साली. कॅनडातल्या क्वेबेकचे इमॅन्युएल बुजोल्ड यांनी जुनेच अभ्यास घेतले आणि १६ आठवड्यांआधी सुरू केलेले आणि नंतर सुरू केलेले असे दोन ढीग केले. लवकर सुरू केलेल्या ढिगात धोका निम्म्यावर, उशिरा सुरू केलेल्यात फरक किरकोळ. यावर अजून एकमत नाही. ३१ अभ्यासांतल्या ३२,००० हून अधिक बायकांची एकेकीची माहिती गोळा करणाऱ्या दुसऱ्या गटाला २००७ मध्ये एकंदर फायदा १० टक्के दिसला होता. त्याच माहितीवरून २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं की १६ आठवड्यांच्या आधी-नंतरचा फरक सिद्ध होत नाही. त्यांचा आक्षेप रास्त होता, कारण बुजोल्ड यांच्या पहिल्या ढिगात बहुतेक छोटे अभ्यास होते आणि छोटे अभ्यास फायदा फुगवून दाखवतात. आता अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ संघटनेची २०१८ ची सूचना वाचा. १२ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करा, शक्यतो १६ च्या आधी. हे 'शक्यतो' म्हणजे त्या दोन ढिगांच्या भांडणावर टाकलेला पूल आहे.

डोसाचे आकडेही असेच. ब्रिटनच्या 'नाइस'ने २०१० मध्ये ७५ सांगितले, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ७५, अमेरिकेने ८१. नवखे डॉक्टर मला विचारतात, मॅडम, ८१ हा काय आकडा? त्यामागे कुठलंही संशोधन नाही. जुन्या काळी औषधं 'ग्रेन'मध्ये, म्हणजे धान्याच्या दाण्याच्या वजनात मोजत, जसे आपल्याकडे सोनार गुंजेवर सोनं तोलत. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. डोकेदुखीची गोळी पाच ग्रेनची, म्हणजे ३२५ मिलिग्रॅम. तिचा चौथा हिस्सा लहान मुलांसाठी, तो ८१. ब्रिटनमध्ये मोठी गोळी ३०० ची, म्हणून तिचा चौथा हिस्सा ७५. आपल्याकडे पाकिटं ७५ आणि १५० ची मिळतात. म्हणजे गरोदर बायकांच्या डोसाचा आकडा आधी गोळीच्या कारखान्याने ठरवला होता, बायकांच्या शरीराने नव्हे. २००९ मध्ये कॅनडातल्याच कॅरॉन यांनी गरोदर बायकांच्या प्लेटलेट तपासल्या तेव्हा दिसलं की ८१ मिलिग्रॅमवर सुमारे ३० टक्के जणींच्या प्लेटलेटवर हवा तो परिणामच होत नाही, आणि १६२ वर हे प्रमाण ५ टक्क्यांवर येतं. त्यावरून ६० मिलिग्रॅमच्या त्या मोठ्या अभ्यासांमध्ये किती जणींना खरोखर औषध मिळालं असेल, याचा विचार करून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

'नाइस'च्या सूचनेखाली एक टीपही होती: या कारणासाठी अ‍ॅस्पिरिनला परवाना नाही. इतक्या स्वस्त गोळीसाठी परवान्याचा खर्च कोणती कंपनी करणार? म्हणूनच पाकिटातल्या कागदावर गरोदर बायकांसाठी अजून इशाराच दिसतो, आणि मेडिकलवाला मुलगा तो कागद वाचून मला फोन करतो.

शेवटी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रोस निकोलायडिस यांनी सगळ्या शंका एकाच अभ्यासात घेतल्या. 'अ‍ॅस्प्री' त्याचं नाव. २६,९४१ बायकांची तिसऱ्या महिन्यात तपासणी केली: बीपी, गर्भाशयाच्या धमनीतला रक्तप्रवाह सोनोग्राफीने, रक्तातले दोन घटक. त्यातून जास्त जोखमीच्या १,७७६ जणी निवडल्या. डोस १५०, वेळ रात्रीची, सुरुवात ११ ते १४ आठवड्यांत, शेवट ३६ ला. खऱ्या-खोट्या गोळ्या कुणाला कोणत्या हे ना डॉक्टरला माहीत, ना बाईला. २०१७ साली निकाल आला. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणारा प्रीएक्लॅम्पसिया खोट्या गोळीच्या गटात ४.३ टक्के, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. दिवस भरल्यावर होणारा प्रीएक्लॅम्पसिया मात्र कमी झाला नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. ज्यांनी दहापैकी नऊ गोळ्या तरी घेतल्या त्यांना फायदा कितीतरी जास्त झाला.

मी तो लेख मोबाइलवर वाचला, ओपीडीत, दोन पेशंटच्या मधे. पॅरिसचा तिसरा महिना आणि पॅरिसचे १५० मिलिग्रॅम. बत्तीस वर्षं गेली होती.

पण तो सगळा अभ्यास युरोप आणि इस्रायलमधला. गर्भाशयाच्या धमनीचं डॉपलर आणि रक्ताची ती तपासणी माझ्या गावात कुठून आणायची? त्याचं उत्तर काही अंशी आपल्याच भागातून आलं. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणींवर आणखी एक अभ्यास झाला. त्यातली भारतातली दोन केंद्रं म्हणजे नागपूरचं लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन, जिथे डॉ. अर्चना पटेल काम पाहत होत्या, आणि बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज. डॉपलर नाही, महागडी तपासणी नाही. सोनोग्राफीने दिवस नक्की करायचे आणि चौदावा आठवडा लागायच्या आत रोज ८१ मिलिग्रॅमची एक गोळी सुरू करायची. २०२० च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: दिवसांआधीची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर, आणि बीपीमुळे ३४ आठवड्यांआधी होणारी बाळंतपणं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रक्तस्राव वाढला नाही. विदर्भातल्या आणि बेळगावकडच्या खेड्यांतल्या मुलींनी महिनोन्महिने घेतलेल्या त्या गोळ्यांमुळे मला आता मेडिकलवाल्याला उत्तर देता येतं.

डोसावर अजून वाद आहे. जागतिक प्रसूतितज्ज्ञ महासंघ 'फिगो' २०१९ पासून १५० सांगतो, चाळीस किलोच्या आतल्या बाईला १००. अमेरिका ८१ वरच आहे आणि बाळंतपणापर्यंत चालू ठेवते. 'नाइस'ने ७५ ते १५० अशी मोकळीक दिली. मी फिगोच्या बाजूने आहे, कारण प्लेटलेटवरचा तो अभ्यास मी विसरू शकत नाही.

माझी खरी लढाई मात्र डोसाशी नाही. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते, म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ राहील की नाही याची धाकधूक प्रत्येक बाईला असते आणि ती खरी आहे, म्हणून या रिवाजाला मी कधी हसत नाही. पण मुली माझ्याकडे येतात त्या चौथा संपताना, ओटीत नारळ पडल्यावर. गोळीची वेळ तोवर निसटत आलेली असते. आशाताई बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी म्हणून दारोदार फिरतात. मी त्यांना सांगते, नाव लिहून घ्या आणि कुणाला बोलू नका, फक्त पाच गोष्टी विचारा. पहिल्या खेपेला बीपी वाढलं होतं का? आईला किंवा बहिणीला? शुगर, किडनीचा त्रास? जुळं आहे का? वय पस्तिशीच्या वर आहे का? यातल्या एकालाही 'हो' आलं तर मला फोन करा. गोळी मात्र माझ्याशी बोलल्याशिवाय कुणी सुरू करायची नाही. अल्सर असेल, अ‍ॅस्पिरिनने दमा उसळत असेल, रक्तस्रावाचा आजार असेल, तर ती द्यायची नसते.

दुसरी अडचण सातव्या महिन्याची. डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते, वेगळा जिल्हा, वेगळा डॉक्टर. गोळी का चालू आहे हे तिथे कुणालाच माहीत नसतं आणि ती पहिल्याच दिवशी बंद होते. म्हणून आता मी कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने मराठीत लिहिते: 'ही गोळी बीपी वाढू नये म्हणून आहे. हृदयासाठी नाही. रोज रात्री. ३६ आठवड्यांना बंद करावी.' खाली माझा नंबर.

गेल्या पावसाळ्यात एक कार्ड परत आलं. तिच्या थोरल्या बहिणीला मी त्या अंधाऱ्या खोलीत पाहिलं होतं, म्हणून आई तिला नवव्या आठवड्यातच घेऊन आली होती, सासरी कुणाला कळायच्या आत. माहेर तिचं नांदेडकडे. तिकडच्या डॉक्टरांनी माझ्या लाल ओळीखाली निळ्या पेनने लिहिलं होतं: '३६ आठवडे. बंद केली. बीपी ११६/७४. लघवीत प्रोटीन नाही.' त्याखाली दुसऱ्या तारखेला, त्याच अक्षरात: 'मुलगी, २ किलो ९००.'